वर्तमानपत्राचा धनी कोण?

वर्तमानपत्रात काय छापले आहे याची चिकित्सा आपले लोक हौसेने करतात. पण ते पत्र कोणाच्या मालकीचे आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर दुसऱ्यात दडलेले असते. पश्चिम फ्रान्समधील 'उएस्त-फ्रान्स' या दैनिकाची हकीकत या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे, म्हणून ती आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

ब्रिटनी प्रांतातील रेन शहरी २ ऑगस्ट १८९९ रोजी 'लुएस्त-एक्लेर' नावाचे पत्र निघाले. फेलिक्स त्रोश्यू हे धर्मोपदेशक व एमान्युएल देग्रे द्यु लू हे वकील, असे त्याचे दोन जनक. त्या प्रांतातील बडे जमीनदार राजेशाहीचे अभिमानी. तेथे कॅथॉलिक श्रद्धा व प्रजासत्ताक राज्य ही एकत्र नांदू शकतात असे रोज सकाळी सांगणे हे धाडसच होते. पुढे १९३० साली त्रोश्यू यांस पत्रापासून दूर व्हावे लागले.

१९४० साली जर्मन सैन्य आले. पत्र बंद पडले नाही. ते शत्रूच्या देखरेखीखाली निघत राहिले. देग्रे द्यु लू यांचे जामात पोल युतँ यांनी मात्र ते सोडले व ते प्रतिकाराच्या चळवळीस मिळाले. ४ ऑगस्ट १९४४ रोजी रेन मुक्त झाले, जुने पत्र बंद झाले, आणि ७ तारखेस त्याच छापखान्यातून 'उएस्त-फ्रान्स' बाहेर पडले. नाव पालटल्याने जुने पाप धुतले जात नाही हे खरे. परंतु ते पाप युतँ यांचे नव्हते, हेही तितकेच खरे.

त्याच महिन्यात फ्रान्सच्या हंगामी सरकारने हुकूम काढिला की, पत्राने आपले मालक व जमाखर्च जाहीर करावेत आणि एका माणसाने एकाहून अधिक दैनिके चालवू नयेत. हुकूम उत्तम होता, अंमल शून्य. रोबेर एर्सां या गृहस्थांनी प्रांतोप्रांतीची पत्रे एकामागून एक विकत घेतली. १९७५ साली पॅरिसचे 'फिगारो'ही त्यांच्या हाती गेले.

पिढ्या वाढतात तसे कंपनीचे भाग वारसांत विखुरतात, आणि विखुरलेले भाग धनिकास गोळा करणे सोपे जाते. हा धोका पोल यांचे पुत्र फ्रान्स्वा-रेजी युतँ यांनी ओळखिला. १९९० साली त्यांच्या नेतृत्वाखाली पत्राची मालकी एका सार्वजनिक संस्थेकडे आली. मानवतावादी लोकशाहीच्या तत्त्वांस आधार देणे हा तिचा उद्देश. तिचे सभासद नफ्याचे धनी नाहीत, आणि त्यांस विकण्यासारखे काही हाती नाही. ज्याला विकता येत नाही त्याला विकत तरी कोण घेणार? अनेक आवृत्त्यांचे हे पत्र १९७५ पासून फ्रान्समध्ये सर्वांत अधिक खपणारे दैनिक आहे. तेव्हा धर्मार्थ मालकीने धंदा बुडतो ही ओरड फोल होय. आपल्याकडेही सरदार दयालसिंग मजिठिया यांनी लाहोरचे 'ट्रिब्यून' मृत्युपत्राने विश्वस्तांच्या हाती दिले होतेच.

तथापि स्तुती येथेच थांबविली पाहिजे. २००५ साली याच समूहाने आंझे, ल मां व नांत येथील तीन प्रतिस्पर्धी दैनिके विकत घेतली. ती परक्या भांडवलदाराच्या घशात जाऊ नयेत असा युक्तिवाद झाला, व तो अगदीच पोकळ नव्हता. परंतु नांतच्या नगरपालिकेविरुद्ध एखाद्या नागरिकाची तक्रार एका पत्राने नाकारिली, तर ती घेऊन तो ज्या दुसऱ्या पत्राकडे जाईल त्याचा धनीही तोच! धनी सज्जन आहे हे त्या तक्रारीचे उत्तर नव्हे. शिवाय त्या संस्थेत वाचकास मत नाही. आमची सूचना एवढीच की, अशा विश्वस्त मंडळींत काही जागा वर्गणीदारांनी निवडलेल्यांस असाव्यात, आणि संस्थेच्या सभेचा वृत्तांत त्याच पत्रात, पहिल्या पानावर, दरसाल छापला जावा.