तुझ्याकडे डबल, माझ्याकडे गायब

१९३३ साली अमेरिकेत मंदीने लोकांचं कंबरडं मोडलं होतं, पण एका सेंटला बबलगमची वडी मिळत होती आणि तिच्यासोबत बेसबॉलपटूचं एक रंगीत कार्ड. बोस्टनच्या गाउडी गम कंपनीने त्या वर्षी काढलेल्या कार्डांवर १ ते २४० असे क्रमांक होते. बेब रूथ म्हणजे तेव्हा पोरांच्या गळ्यातला ताईत. त्याची तर चार-चार कार्डं निघाली होती. मुलं गम चघळत होती, कार्डं क्रमाने लावत होती, डबल आलेली मित्रांना देऊन नवी मिळवत होती. आणि सगळ्यांच्याच गठ्ठ्यात १०५ नंतर थेट १०७ येत होतं. १०६ नंबर ना वर्गात कोणाकडे, ना शेजारच्या गावातल्या मावसभावाकडे. असणार कुठून? कंपनीने तो छापलाच नव्हता. पोरं शोधत राहतील आणि गम खपत राहील, असा तो साधा हिशेब होता, असं संग्राहक आजही मानतात.

काही चिकट पोरांनी कंपनीला पत्रं लिहून जाब विचारला. १९३४ मध्ये कंपनीने १०६ नंबर छापला आणि तक्रार करणाऱ्यांना टपालाने पाठवून दिला. त्यावर चित्र होतं नॅपोलियन लाजवे या खेळाडूचं, जो अमेरिकेच्या मेजर लीगमधून १९१६ सालीच निवृत्त झाला होता! ते कार्ड पत्राला पेपरक्लिप लावून पाठवलं जाई. म्हणून आज सापडणाऱ्या या दुर्मीळ कार्डांपैकी अनेकांच्या कडेला क्लिपचा वळ दिसतो. एरवी असा वळ म्हणजे दोष. इथे मात्र कार्ड कोणत्या वाटेने आलं, याची ती खूण ठरते.

संच पुरा करायचा तर दुकान पुरत नाही, कोणाला तरी पत्र लिहावंच लागतं, हे असं फार लवकर सिद्ध झालं. त्यामागे कंपन्यांचा कावा जितका, तितकंच निव्वळ गणितही आहे. टॉप्स कंपनीचा १९८७ चा संच घ्या. लाकडी फळीसारखी किनार असलेला हा संच त्या पिढीच्या अमेरिकन माणसाला डोळे मिटूनही ओळखता येईल. एकूण ७९२ कार्डं. ४० सेंटच्या पाकिटात १७ कार्डं आणि गमची एक कडक पट्टी, जिचा डाग शेजारच्या कार्डावर हमखास पडायचा. पाकिटात कोणती कार्डं येतील हे पूर्णपणे नशिबावर आहे असं धरलं, तर एकट्याने सगळी ७९२ जमवायला सरासरी ५,७०० च्या आसपास कार्डं विकत घ्यावी लागतात. म्हणजे जवळजवळ ३४० पाकिटं आणि १३५ डॉलर. त्यातही खरी मारामारी शेवटाला असते. ७९१ कार्डं हाती आल्यावर उरलेल्या एकासाठीच सरासरी आणखी ७९२ कार्डं उघडावी लागतात. पठ्ठ्याकडे तोवर पाच हजारांच्या घरात डबल साचलेली असतात.

आता असेच दोघे एकत्र येऊ द्या. आपापली डबल कार्डं एकमेकांना द्यायची ठरवली, तर दोन संचांसाठी दोघांना मिळून साधारण साडेसात हजार कार्डं पुरतात. म्हणजे प्रत्येकी चार हजारांच्या आत. भिडू वाढतील तसा माणशी खर्च आणखी खाली येतो. गल्लीतल्या पोरांची ताकद इथे तोकडी पडते, कारण त्यांची पाकिटं बहुधा एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेली असतात आणि प्रत्येकाकडे तेच ते साचलेलं असतं. ओहायोतल्या माणसाला टेक्ससमधल्या माणसाची गरज पडते ती यामुळे.

या टपाली अदलाबदलीला शिस्त लावली ती जेफरसन बर्डिक नावाच्या एका आजारी कामगाराने. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी विजेच्या सामानाच्या कारखान्यात तो सुटे भाग जोडायचं काम करी. अविवाहित माणूस, भाड्याच्या खोलीत राहणारा, संधिवाताने बोटं वाकडी झालेली. बेसबॉलचा तो काही मोठा चाहता नव्हता. त्याला वेड होतं ते छापील कागदाच्या तुकड्यांचं. सिगारेटच्या पाकिटातली चित्रं, चहाकॉफीच्या जाहिरातींची कार्डं, गमची कार्डं, सगळंच. देशभर विखुरलेले असे काही संग्राहक एकमेकांशी पत्रांनीच बांधलेले होते, पण बोलायचं कसं हा प्रश्न होता. एकाने ‘माझ्याकडे पांढऱ्या किनारीची जुनी तंबाखूची कार्डं आहेत’ असं लिहिलं, तर दुसऱ्याने नेमकी कोणती समजायची? तशी कार्डं कैक कंपन्यांनी काढलेली.

बर्डिकने १९३७ मध्ये संग्राहकांसाठी एक छोटं नियतकालिक सुरू केलं आणि १९३९ मध्ये अमेरिकेतल्या कार्डांची पहिली मोठी सूची छापली. पुढे या सूचीत प्रत्येक मालिकेला एक अक्षर आणि एक आकडा मिळाला. एकोणिसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं ‘एन’, विसाव्या शतकातली ‘टी’, जुन्या मिठायांची ‘ई’, पुढच्या काळातल्या गमची ‘आर’. आता तीन सेंटचं तिकीट लावलेल्या पत्रात ‘टी २०६ मधली अमुक पाहिजेत, आर ३१९ मधली तमुक देतो’ एवढं लिहिलं तरी भागत असे. लाखो डॉलरच्या लिलावांत आज जे ‘टी २०६’ म्हणून पुकारलं जातं, ते नाव या भाड्याच्या खोलीतून आलेलं आहे. हवी असलेली कार्डं आणि द्यायची कार्डं, अशा दोन याद्या समोरासमोर ठेवायची पद्धत त्यानंतर फारशी बदललेली नाही.

बर्डिकला भाव चढलेले आवडत नसत. छंद सामान्य माणसाच्या खिशाला परवडला पाहिजे, यावर तो ठाम होता आणि बहुतेक कार्डांना त्याने काही सेंटच किंमत लावली. ‘टी २०६’ मधल्या होनस वॅगनर या खेळाडूच्या कार्डाला मात्र ५० डॉलर! १९०९ ते १९११ मध्ये निघालेल्या या मालिकेत वॅगनरच्या कार्डाची छपाई लवकरच थांबवली गेली होती. पोरांनी तंबाखूच्या पाकिटांमागे लागू नये म्हणून त्यानेच हरकत घेतली, असं काही सांगतात. त्याला पैसे हवे होते, असं दुसरे. कारण कोणतंही असो, साठच्या आसपासच प्रती आज ठाऊक आहेत आणि २०२२ मध्ये त्यांतली एक ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली.

स्वतःचा तीन लाखांहून अधिक नगांचा संग्रह बर्डिकने विकला नाही. १९४७ पासून तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देत गेला. संग्रहालयाची अट अशी, की त्याची मांडणी त्याने स्वतः करून द्यायची. अखेरची काही वर्षं तो तिथे बसून दुखऱ्या हातांनी वह्यांत कार्डं चिकटवत होता. १० जानेवारी १९६३ ला त्याने शेवटचं कार्ड लावलं, दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात दाखल झाला आणि मार्चमध्ये वारला.

तोवर गमच्या बाजारात ब्रुकलिनच्या टॉप्सचं राज्य सुरू झालं होतं. कंपनीच्या साय बर्गरने १९५२ चा ४०७ कार्डांचा संच आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून रचला. तेव्हा, आणि पुढे १९७३ पर्यंत, कार्डं हंगामभर टप्प्याटप्प्याने येत. शेवटचा टप्पा दुकानात पोहोचेपर्यंत पोरांचं लक्ष फुटबॉलकडे वळलेलं असे. १९५२ चे असे पडून राहिलेले खोके बर्गरने १९६० मध्ये बार्जवर लादले आणि अटलांटिक समुद्रात बुडवले. त्याच टप्प्यात ३११ नंबरचं मिकी मॅन्टल या खेळाडूचं कार्ड होतं. २०२२ मध्ये त्याच्या एका उत्तम प्रतीला १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. शेवटच्या टप्प्याची कार्डं इतकी कमी, म्हणूनच त्या काळच्या पत्रांत त्यांचा व्यवहार एकास एक होत नसे; एका शेवटच्या नंबराबद्दल आधीच्या टप्प्यांतली कितीतरी कार्डं मोजावी लागत.

१९७९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ जेम्स बेकेट यांच्या सहभागाने भावांचं पुस्तक निघालं आणि १९८४ पासून त्यांचं मासिक दर महिन्याला दर सांगू लागलं. अदलाबदलीला मापाची सोय झाली, कबूल. पण सोबत एक खोडही लागली. ‘मला हा हवाय, तुला तो हवाय’ इथे जो सौदा संपत होता, तिथे आता दोघेही पुस्तक उघडून बेरजा करू लागले. १९८१ पासून टॉप्सला फ्लीअर आणि डॉनरस हे स्पर्धक मिळाले, १९८९ मध्ये अपर डेक आली, आणि कार्डं म्हणजे मुलांच्या शिक्षणाची ठेव अशी समजूत पसरली. घरोघरी बंद खोके माळ्यावर गेले. कंपन्यांनी मग इतकं छापलं, की १९८७ ची ती लाकडी किनारीची बहुतेक कार्डं आज कोणी फुकटही मोजून घेत नाही.

टपाली अदलाबदल मात्र या पडझडीने आणखी शहाणी झाली. ज्या कार्डाला बाजारात किंमत नाही, ते विकताच येत नाही. ते फक्त बदलता येतं. मिलवॉकीतला माणूस ब्रूअर्स संघाची कार्डं जमवतो, त्याच्याकडे शिकागो कब्जची दोनशे निरुपयोगी कार्डं पडलेली असतात. शिकागोतल्या कोणाची तरी अवस्था नेमकी उलटी असते. दोघांनी दोनशे-दोनशे कार्डं भरलेली खोकी एकमेकांना धाडली, तर भावांच्या पुस्तकाप्रमाणे व्यवहार जवळजवळ शून्याचा, पण दोघांचेही रकाने भरलेले. अमेरिकन टपालखात्याकडे अशा गठ्ठ्यांसाठी ठरावीक दराची खोकी आहेत. त्यात मावेल तेवढं भरा, दर तोच. पुठ्ठ्याच्या कार्डांचं वजन बघता ही खोकी संग्राहकांना वरदान वाटली नाहीत तरच नवल.

दोन-तीन कार्डांसाठी मात्र साधा पांढरा लिफाफा, आणि तो बंद करणं ही कसबाची गोष्ट आहे. आधी कार्ड पातळ, मऊ प्लास्टिकच्या पिशवीत सरकवायचं. नंतर ती पिशवी कडक प्लास्टिकच्या कव्हरात. कार्ड वरून निसटू नये म्हणून तोंडाला चिकटपट्टी लावायची, पण ती रंगाऱ्यांची निळी कागदी पट्टी हवी. साधी पारदर्शक पट्टी उन्हात घाम फुटल्यासारखा गोंद सोडते आणि काढताना कार्डच ओढून आणते. जाणकार माणूस पट्टीचं टोक दुमडून ठेवतो, म्हणजे समोरच्याला नखाने खरवडत बसावं लागत नाही. हा एवढासा दुमडलेला कोपरा बघून पाठवणारा किती मुरलेला आहे ते कळतं. शेवटी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सगळं घट्ट बसवायचं, कारण सैल कार्ड लिफाफ्यात एका कोपऱ्याला जमा होतं.

एवढं करून अडचण उरतेच. पत्रं निवडणारी यंत्रं लिफाफा रुळांमधून वाकवत नेतात. आतलं कव्हर कडक असेल तर तो अडकतो किंवा फाटतो, आणि कार्ड एकीकडे, लिफाफा दुसरीकडे. पाव इंचापेक्षा जाड लिफाफा तर पत्राच्या दरात जातच नाही. कडक पत्रासाठी जादा आकार भरून ते हाताने निवडायची सोय आहे. त्यासाठी २०१० पासून फुलपाखरांची चित्रं असलेली खास तिकिटं निघाली. मुळात ती चौकोनी शुभेच्छापत्रांसाठी, पण कार्डवाल्यांनीही ती आपलीशी केली. २०२५ च्या जुलैत साध्या पत्राचा दर ७८ सेंट झाला. आत असलेल्या कार्डाची किंमत पुष्कळदा त्याच्या दहाव्या हिश्शाचीही नसते.

अनोळखी माणसाला वस्तू आधी पाठवायची म्हणजे फसवणुकीची भीती आलीच. टपालातून फसवणूक हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा आहे, पण चार कार्डांसाठी कोण खटला भरणार? त्यामुळे बंदोबस्त रिवाजाने होतो. नवखा माणूस आधी पाठवतो, जुना मागाहून. दोघेही जुने असतील तर एकाच दिवशी. पोहोचल्याची पोच लगेच द्यायची. कोपरा दबलेला असेल तर ते आधीच सांगायचं. ‘उत्तम स्थितीत’ म्हणून दुमडलेलं कार्ड पाठवणाऱ्याचं नाव मंडळींत फार लवकर फिरतं. आणि पाकिटात ठरल्यापेक्षा एक-दोन कार्डं जास्तीची टाकायची, समोरच्याच्या संघाची, न मागता. हिशोबी माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण पुढचं पाकीट बहुतेक वेळा त्या जास्तीच्या कार्डांमुळेच येतं.

सगळ्यांत मजेदार देवघेव सीमेपलीकडची. कॅनडातल्या लंडन या गावची ओ-पी-ची कंपनी १९६५ पासून १९९२ पर्यंत टॉप्सचीच बेसबॉल कार्डं छापत होती, पण १९७० पासून मागचा मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत. छपाई उशिरा होई, त्यामुळे मधल्या काळात संघ बदललेल्या खेळाडूच्या चित्रावर कधीकधी ‘आता अमुक संघात’ अशी ओळ टाकलेली सापडते. चित्रात जुन्या संघाचा गणवेश, वर नव्या संघाचं नाव. अमेरिकेतल्या दुकानांत हे मिळत नसे. एकाच खेळाडूची सगळी कार्डं जमवणाऱ्याला ओंटारिओत कोणीतरी गाठावंच लागे. व्हेनेझुएलात १९५९ ते १९६८ दरम्यान निघालेल्या टॉप्सच्या मालिकांची गत आणखी वेगळी. तिथल्या पोरांनी कार्डं अल्बममध्ये चिकटवून टाकली, म्हणून मागची बाजू शाबूत असलेलं कार्ड मिळणं मुश्कील. आणि जपानमध्ये कॅल्बी कंपनी १९७३ पासून खाऊच्या पाकिटासोबत, आणि पुढे बटाट्याच्या वेफर्ससोबत, बेसबॉलची कार्डं देत आली आहे. सादाहारू ओहने कारकिर्दीत ८६८ होमरन मारले, मेजर लीगमधल्या कोणाहीपेक्षा जास्त. पण तो अमेरिकन संघातून कधी खेळला नाही. त्याची खेळतानाची कॅल्बी कार्डं हवी असणारा अमेरिकन संग्राहक मग जपानमधल्या कोणाला तरी मिकी मॅन्टलच्या पुढच्या पिढीतल्या खेळाडूंची चार कार्डं देऊ करतो, आणि वेफर्सचं रिकामं पाकीटही सोबत पाठव म्हणून विनंती करतो.