गुणगौरव फक्त टक्क्यांचाच? खेळ, चित्रकला आणि एनसीसीच्या गुणांचा हिशोब

दहावी-बारावीचा निकाल लागला की पंधरा दिवसांत आपल्या मोहल्ल्यांत बॅनर झळकू लागतात. कुठे जमातीतर्फे, कुठे एखाद्या फाउंडेशनतर्फे, कुठे नगरसेवकाच्या वाढदिवसाला जोडून गुणगौरव समारंभ होतात. ट्रॉफी, शाल, एक सर्टिफिकेट, मग फोटो. आम्ही शिक्षक असल्यामुळे अशा चार-पाच जलशांना दरवर्षी बसतो. मुलांची हौसला-अफजाई व्हायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. आमचा प्रश्न यादीबद्दल आहे. बहुतेक ठिकाणी अट एकच असते: 75 टक्के किंवा 80 टक्क्यांच्या वर. मार्कशीटची झेरॉक्स द्या आणि नाव नोंदवा. वर्षभर मैदानावर घाम गाळणारा, इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी आणणारा, 15 ऑगस्टच्या परेडमध्ये तुकडीचं नेतृत्व करणारा मुलगा या यादीत कुठेच नसतो.

गंमत अशी की ज्या बोर्डाचे टक्के आपण मोजतो, ते महाराष्ट्र राज्य मंडळ स्वतः खेळाला आणि कलेला गुण देतं. आपल्या घरांत हे अजून नीट पोहोचलेलं नाही, म्हणून आज तेच सविस्तर सांगतो.

आधी दहावीचा हिशोब. सहा विषयांचे 600 गुण असतात, पण टक्केवारी काढताना सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरतात, म्हणजे 500 पैकी. त्यावर खेळाचे, कलेचे, एनसीसी किंवा स्काऊट-गाईडचे वाढीव गुण मिळतात. 500 मध्ये 5 गुण म्हणजे सरळ एक टक्का. 2025 च्या दहावीच्या निकालात राज्यात 211 मुलांना 100 टक्के पडले, त्यातले 113 एकट्या लातूर विभागातले. लोक विचारतात, भाषेत कुणाला पैकीच्या पैकी मिळतात का? उत्तराचा मोठा भाग या 'बेस्ट ऑफ फाईव्ह'मध्ये आणि वाढीव गुणांत आहे. शहरातल्या जाणत्या पालकांना हे पाचवी-सहावीपासून माहीत असतं. आपल्याकडे ते निकालाच्या दिवशी कळतं.

खेळाचं बघू. शालेय क्रीडा स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय. 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे वयोगट असतात, म्हणजे ज्युनियर कॉलेजची मुलंही यात येतात. तालुक्याच्या सामन्यांना बोर्डाचे गुण नाहीत. जिल्हा पातळीवरच्या यशाला 5 गुण, आणि पुढे पातळी चढेल तसे वाढत आंतरराष्ट्रीय पदकाला 25 पर्यंत. हे गुण दहावीला आणि बारावीला दोन्हीकडे आहेत. पण आपली पोरं ज्यात रमतात ते रमजाननंतरचे टेनिस बॉल क्रिकेटचे नाईट सामने यात धरले जात नाहीत. तिथे ट्रॉफी कितीही उंच मिळो. स्पर्धा सरकारच्या क्रीडा खात्याने घेतलेली किंवा मान्य केलेली असावी लागते. एका हुशार फलंदाजाला हे समजावून सांगताना आमची फार दमछाक झाली होती. त्याच्या घरी कपाटभर कप होते आणि बोर्डाला चालेल असा कागद एकही नव्हता.

चित्रकलेचं त्याहून सोपं आहे आणि मुलींसाठी तर फारच. शासकीय रेखाकला परीक्षा कला संचालनालय घेतं. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. दहावीत इंटरमिजिएटच्या 'अ' श्रेणीला 7, 'ब' ला 5 आणि 'क' ला 3 गुण मिळतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे पेपर असतात. ईदच्या आदल्या रात्री मोहल्ल्यातल्या पन्नास हातांवर मेहंदी काढणाऱ्या मुलीला संकल्पचित्राची नक्षी जड जात नाही. उर्दू खुशखती घोटलेल्या मुलाचा हात अक्षरलेखनातही स्थिर असतो. अडचण एवढीच की कित्येक शाळांत, विशेषतः छोट्या उर्दू शाळांत, चित्रकलेचा शिक्षकच नाही. अशा वेळी जवळच्या परीक्षा केंद्राच्या शाळेशी बोलून मुलांना बसवता येतं का, हे मुख्याध्यापकांना विचारायला पालकांनी संकोच करू नये. आठवी-नववीतच विचारा. दहावीत विचारून वेळ गेलेली असते.

एनसीसी आणि स्काऊट-गाईडमध्ये शिस्तीचे फोटो सगळ्यांना आवडतात, पण तिथेही कामाची गोष्ट आहे ती प्रमाणपत्राची. गाईडमध्ये प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान चढत राज्य पुरस्कारापर्यंत जायला वर्षं लागतात. मध्येच सोडलं की हाती फक्त गणवेश उरतो.

आता या सगळ्यातला जो भाग बिघडतो, तो सांगतो. गुण आपोआप लागत नाहीत. विद्यार्थ्याने ठरलेल्या नमुन्यात अर्ज करायचा, सोबत प्रमाणपत्र जोडायचं, शाळेने खेळाचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे द्यायचा, तिथून पडताळणी होऊन शिफारस विभागीय मंडळाकडे जाते. हे सगळं मुदतीत. निकाल हातात आल्यावर रडून काही होत नाही. शिवाय आपल्याकडे नावाची भानगड असते. आधारवर 'शेख' एका स्पेलिंगने, शाळेत दुसऱ्या, सर्टिफिकेटवर तिसऱ्याच. कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नाही. प्रस्ताव अशानेच परत येतो आणि दुरुस्तीला दिवस उरलेले नसतात.

हे आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. आमच्याच शाळेत घडलं. खो-खो खेळणारी एक मुलगी. पाठशिवणीत इतकी चपळ की समोरच्या संघाचे सर आम्हाला येऊन विचारायचे, ही कुणाची पोरगी? संघ जिल्ह्यात दुसरा आला. तिच्या अम्मीला आम्ही मोठ्या कौतुकाने सांगितलं. अम्मी शिलाई करता करता म्हणाल्या, "वो सब ठीक है सर, खेलके मिलता क्या?" आम्ही ऐटीत म्हणालो, पाच मार्क मिळतात. ते मिळाले नाहीत. प्रस्तावाचे कागद शाळेच्या कपाटात दुसऱ्या फायलीखाली राहिले आणि मुदत निघून गेली. तिला दहावीला 500 पैकी 297 पडले. 59.40 टक्के. पाच गुण असते तर 302, म्हणजे 60.40, प्रथम श्रेणी. त्या वर्षीच्या मोहल्ल्याच्या जलशात ती आली होती, पण प्रेक्षकांत. तिच्या चुलत भावाला 78 टक्क्यांची ट्रॉफी होती. ती टाळ्या वाजवत होती. आम्ही मात्र स्टेजवर पाहुणे म्हणून शाल पांघरून बसलो होतो आणि त्या दिवशी ती शाल आम्हाला फार उकडली.

खेळून काय मिळतं, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. कुणी श्रीरामपूरच्या झहीर खानचं नाव घेतं. पण झहीर खान एखादाच होतो, आणि आम्ही बोलतोय बाकीच्या हजारोंबद्दल. त्यांच्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची आधी सरकारी पडताळणी करून घ्यावी लागते, आणि कोणत्या पदाला कोणत्या पातळीचा खेळ चालतो याचे नियम आहेत. पोलीस भरतीला पहाटे पळणारी मुलं आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यातल्या कितींनी शाळेतलं प्रमाणपत्र जपून ठेवलंय?

बारावीचं थोडं वेगळं आहे, तेही स्पष्ट सांगायला हवं. डॉक्टर व्हायचं तर नीट, इंजिनिअरिंगला सीईटी. तिथे बारावीचे वाढीव गुण फारसे कामाला येत नाहीत. पण आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांना, डीएडला जाणाऱ्या मुलींना बारावीचा एकेक गुण लागतो. आणि आपल्या मुली तिथेच जास्त आहेत. 2025 मध्ये राज्यात बारावीच्या 94.58 टक्के मुली पास झाल्या, मुलगे 89.51 टक्के. दहावीतही मुलीच पुढे. आपल्या जलशांतही स्टेजवर बघा, रांग मुलींचीच लांब असते. मग तीन वर्षांनी त्यातल्या किती शिकतायत याची चौकशी केली, तर आम्हाला बऱ्याचदा लग्नाची पत्रिका मिळते.

या ठिकाणी आयोजकांना आमची एक सूचना आहे. ट्रॉफीच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल मांडा, कागदपत्रांचं. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. जे कोणत्याच आरक्षणात नाहीत त्यांना ईडब्ल्यूएस आहे. तरी आमच्याकडे 85 टक्क्यांची मुलगी फी भरायला पैसे नाहीत म्हणून बीफार्मसी सोडून घरी बसलेली आम्ही पाहिली आहे. तिच्या घरी जातीचा दाखला कधी काढलाच नव्हता. ओबीसीच्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे दादाजानचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुनी नोंद. ती शोधायला महिना जातो. त्यानंतर जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला. बारावीचा निकाल लागल्यावर हे सुरू केलं तर प्रवेशाची फेरी संपून जाते. अकरावीतच काढा. जलशात एखादा सेतू केंद्रवाला आणि एखादा निवृत्त क्लार्क दोन तास बसवला, तर तो पाहुण्यांच्या सहा भाषणांपेक्षा नक्कीच जास्त उपयोगी पडेल. (भाषणांत आमचंही एक असतं, हे कबूल.)

आणि यादीची अट बदला. टक्केवाल्यांना बोलवाच, पण शाळांना पत्र पाठवून विचारा: जिल्ह्यापर्यंत कोण खेळलं? रेखाकलेत श्रेणी कुणाची? एनसीसीत, विज्ञान प्रदर्शनात, वक्तृत्वात कोण? घरी आजारी बाप आणि हातात 55 टक्के असूनही दुकान सांभाळून परीक्षा दिलेला मुलगा कोण? नाव पुकारताना फक्त आकडा वाचू नका, त्याने काय केलं ते एका वाक्यात सांगा. समोर बसलेल्या सातवीच्या पोराला 92.60 ऐकून काही कळत नाही. 'लांब उडीत जिल्ह्यात पहिला' हे त्याला लगेच कळतं, आणि दुसऱ्या दिवशी तो उडी मारून बघतो.

आमच्या शाळेत आता जूनमध्येच प्रत्येक खेळाडूची वेगळी फाईल बनते आणि नावाचं स्पेलिंग आधारशी त्याच वेळी जुळवून घेतो. पालकसभेत मुदत फळ्यावर लिहितो. ती खो-खोवाली मुलगी सध्या बारावीत आहे, 19 वर्षांखालील संघात. यंदाचा फॉर्म तिने आमच्यासमोर बसून स्वतः भरला, पोच मागून घेतली, आणि झेरॉक्स काढून एक प्रत अम्मीच्या शिलाई मशीनच्या खणात ठेवली आहे.