व्हॅलेन्सिया: टोळक्याने फिरण्याचं शहर

१९५७च्या ऑक्टोबरात तुरिया नदीचा पूर शहरात शिरला; त्यानंतर नदीच शहराबाहेर वळवली गेली. कोरड्या पात्रातून महामार्ग नेण्याचा बेत नागरिकांनी हाणून पाडला; तिथे आता कित्येक किलोमीटर लांब बाग आहे. भाड्याच्या सायकली घ्या आणि जुन्या पुलांखालून रमतगमत जा. शहराची ओळख करून घ्यायला याहून चांगली वाट नाही.

पाएया ही भाताची डिश दुपारीच खावी. इथली मूळची पाएया कोंबडी, सशाचं मटण आणि घेवड्याच्या शेंगांची. सगळ्यांनी एकाच पसरट कढईभोवती बसायचं. तळाच्या खरपूस खरवडीवर सगळ्यांचेच चमचे तुटून पडतात!

१५ ते १९ मार्च फायास उत्सव. शेवटच्या रात्री चौकाचौकांतले भव्य पुतळे पेटवतात. तेव्हा जाणार असाल तर खोल्या फार आधी ठरवा.