ग्लासात चंद्र, चष्म्यात चंद्र, गुडघ्यात चंद्र!

दोस्ता, एक काम कर ना! काचेचा ग्लास घे. अर्धा पाण्याने भर आणि टेबलावर ठेव. आता इतकं खाली वाक, की डोळे बरोबर पाण्याच्या पातळीत येतील. पाणी काचेला जिथे टेकतं ना, ती कड नीट बघ.

दिसलं? पाणी सपाट नाहीच मुळी! कडेकडेने ते काचेवर थोडंसं वर चढलंय. कडेला उंच, मध्ये खोलगट. शाळेच्या प्रयोगशाळेतली परीक्षानळी मिळाली तर बघायलाच नको. तिच्यात पाण्याच्या माथ्यावर चक्क एक चंद्रकोर पहुडलेली दिसते!

या कोरीचं नाव मेनिस्कस. ग्रीक भाषेतून आलेला हा शब्द, अर्थ ‘छोटासा चंद्र’. आणि ओळख बघू, हेच नाव आणखी कोणाला आहे? एका भिंगाला! आणि तुझ्या गुडघ्यात लपून बसलेल्या एका मऊ वस्तूला! तिकडे जाऊच आपण. आधी हे चढणारं पाणी.

पाण्याचे कण एकमेकांना घट्ट ओढून धरतात. पण काचेशी त्यांची गट्टी त्याहून जास्त! म्हणून कडेचे कण काचेला बिलगतात आणि वर सरकतात. शेजारचे कणही त्यांच्यामागून ओढले जातात. पाऱ्याचं मात्र उलटं. त्याच्या कणांचं आपसात इतकं जमतं, की काचेशी कट्टीच! म्हणून काचेच्या नळीत पारा कडेला खाली दबतो आणि मध्ये फुगतो. चंद्रकोर उलटी! म्हणून तर प्रयोगशाळेत पाणी मोजताना कोरीचा तळ बघतात आणि पारा मोजताना माथा.

नळी जितकी बारीक, तितकं पाणी उंच चढतं. 1 मिलिमीटर रुंदीच्या स्वच्छ काचेच्या नळीत ते जवळजवळ 3 सेंटिमीटर वर जातं. ना पंप, ना मोटर! नळी निम्म्या रुंदीची घेतली तर उंची दुप्पट. निरांजनात वातीच्या टोकापर्यंत तेल कसं पोचतं, आता सांग बरं! कापसाच्या धाग्यांमधल्या बारीक फटी म्हणजे इवल्या इवल्या नळ्याच की.

आता डब्यातून एक कुरमुरा आण. (एकच हं, बाकीचे नंतर खा!) अर्ध्या भरलेल्या ग्लासात मधोमध अलगद सोड. तो हळूहळू सरकत कडेला जाऊन चिकटेल. आता तो काढून घे आणि ग्लास काठोकाठ भर. मग चमच्याने थोडं थोडं पाणी घालत राहा. पाणी काठाच्याही वर फुगेल, पण सांडणार नाही! आता कुरमुरा सोड. अरेच्चा! हा तर मधेच जाऊन थांबला! चटकन कर मात्र, भिजून मऊ झाला की गंमत संपली.

असं का? तरंगणाऱ्या हलक्या वस्तूला पाणी वर ढकलत असतं. त्यामुळे ती पाण्याचा सगळ्यात उंच भाग गाठते. अर्ध्या ग्लासात उंच भाग कडेला, फुगलेल्या ग्लासात मधोमध.

पण खरी धमाल पुढेच आहे. तळ्याच्या काठाशीसुद्धा पाण्याची अशीच कोर असते, काही मिलिमीटर उंच. तुला-मला ती दिसतही नाही. पण पाण्यावर चालणारा दोनतीन मिलिमीटरचा कीटक असेल तर? त्याच्यापुढे डोंगर उभा! तोही गुळगुळीत. पळत वर जायला बघितलं, की घसरून पुन्हा खाली.

मग हा चिमुकला काय करतो, ठाऊक आहे? पुढच्या पायांच्या नख्यांनी पाण्याचा पृष्ठभाग चिमटीत धरल्यासारखा वर ओढतो, आणि मधल्या पायांवर अंगाचा भार टाकून उभा राहतो. बस्स! पाय न हलवता तो सुर्रकन वर सरकतो. घसरगुंडीवर उलटं, खालून वर! एका भुंगेऱ्याची अळी तर आणखी आळशी. ती नुसती पाठ वाकवते, अंगाची दोन्ही टोकं पाण्याला थोडं वर उचलतात आणि अळी काठाला लागते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या डेव्हिड हू आणि जॉन बुश यांनी 2005 साली हे कोडं सोडवून दाखवलं. मला तर या अळीचा हेवाच वाटतो!

बरं, आता आजोबांचा चष्मा मागून घे. काचेची कड बाजूने बघ. बाहेरून फुगीर, आतून खोलगट, दोन्ही बाजू एकाच दिशेला वाकलेल्या. झाली की चंद्रकोर! पूर्वीच्या चष्म्यांची भिंगं दोन्हीकडून फुगीर नाहीतर दोन्हीकडून खोलगट असायची. मधून बघितलं तर छान, कडेने बघितलं की सगळं अंधूक. 1804 मध्ये इंग्लंडच्या विल्यम वोलास्टनने कोरीच्या आकाराची भिंगं सुचवली. मग मान न वळवता नुसते डोळे फिरवले तरी चालू लागलं. 1900 साली कोडॅक कंपनीने ब्राउनी नावाचा डबडा कॅमेरा काढला, किंमत फक्त 1 डॉलर! त्यातही असलंच एक साधं भिंग होतं.

आता हात गुडघ्यावर ठेव. आत मांडीच्या हाडाचं खालचं टोक गोल गोल आहे आणि नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. सपाट फरशीवर गोल बुडाचा हंडा ठेवला तर काय होईल? डुगडुगेल! म्हणून आजी त्याच्याखाली कापडाची चुंबळ ठेवायची. तुझ्या गुडघ्यातही चुंबळी आहेत, लवचीक कूर्चेच्या. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वर बोटाला लागतं ना, तसं काहीसं. कडेला जाड, आत पातळ, आकार चंद्रकोरीचा. एका गुडघ्यात दोन. म्हणजे आत्ता तुझ्या अंगात किती चंद्रकोरी? चार!

ताठ उभं राहिल्यावर गुडघ्यावरचा निम्मा किंवा त्याहूनही जास्त भार याच झेलतात. उकिडवं बसलं की त्या थोड्या मागे सरकतात. कबड्डीत पाय जमिनीला रुतलेला आणि अंग गर्रकन वळलं, की कधी कधी ही कोर फाटते. तिच्या बाहेरच्या कडेलाच रक्त पोचतं, म्हणून तिथली फाट भरून येऊ शकते. आतल्या कडेची मात्र आपोआप जुळत नाही.

एडिंबरोच्या थॉमस अ‍ॅनंडेल या शल्यविशारदाने 1883 मध्येच एका खाणकामगाराची सुटलेली कोर टाके घालून परत जागेवर शिवली होती. तरी पुढे कित्येक वर्षं डॉक्टर फाटलेली कोर सरळ कापून काढून टाकायचे. बिनकामाची वाटायची ना! 1948 मध्ये फेअरबँक नावाच्या डॉक्टरांनी कोर काढलेल्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रं तपासली, तर हाडांमध्ये बदल झालेले दिसले. चुंबळच नाही म्हटल्यावर हंडा थेट फरशीवर घासणार नाही तर काय! आता जमेल तिथे डॉक्टर ती शिवतात, अगदी बारीक छिद्रातून दुर्बीण आत घालून!