पिंपांच्या शर्यतीचं घोडं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बेलवाडीच्या रिंगणात तुकोबांच्या पालखीचा अश्व सुटला, की कळंब-वालचंदनगरकडच्या माणसाची चांगल्या घोड्याची व्याख्या पक्की होते: वाऱ्यासारखं पळेल ते. त्यामुळे मोबाइलवर बॅरल रेसिंग पाहून एखाद्या पोराने घोडं घ्यायचं मनावर घेतलं, तर सल्ला ठरलेला असतो. रेसकोर्सवरून उतरलेलं बघ, त्याच्याहून वेगवान कोण?

पण या शर्यतीत पळायला जागा असतेच किती? तीन पिंपं त्रिकोणात मांडतात. पहिल्या दोन पिंपांत ९० फूट, तिथून तिसरं १०५ फुटांवर. एका पिंपाला उजवा वळसा घातला तर उरलेल्या दोघांना डावा, किंवा याच्या उलट. मग सरळ परत. तयार घोडं हे सारं वीसेक सेकंदांच्या आत उरकतं, आणि पिंप पाडलं तर वेळेत ५ सेकंद वाढतात. रेसचं घोडं लांब ढांगांचं, मैदानावर एकाच हाताला वळायला सरावलेलं. त्याचा वेग जमेपर्यंत पिंप समोर आलेलं असतं. इथे हवं मागच्या पायांवर बसून थांबणारं, दोन्ही हातांना सारखं वळणारं आणि पुन्हा उसळी घेणारं जनावर.

मग वरातीतला नाचरा घोडा? तो तर जागच्या जागी फिरतो! फिरतो खरा, पण मान ताठ वर धरून. त्याची शिकवण वेगळीच. पिंपाभोवती वळताना अंगाला बाक यावा लागतो, लगाम सैल असतानाही शांत राहावं लागतं. ढोलावर उसळणाऱ्या घोड्याला ते पुन्हा शिकवायचं म्हणजे आधीचं विसरायला लावणं आलं.

नीरेकाठच्या अकलूजच्या बाजारात किंवा तापीकाठच्या सारंगखेड्यात भाव चढतो तो उंचीवर, रंगावर, देवमणाच्या भोवऱ्यावर. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेलं पंचकल्याणी असेल तर विचारूच नका. हौस म्हणून ठीक. पण भोवरा कुठे आहे यावरून घोड्याचे सांधे कसे आहेत ते कळत नाही. उंचीचंही तेच. आपल्याच मुलखाचं नाव लागलेलं, धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर ओझं वाहत टिकून राहिलेलं भीमथडी घोडं बुटकं आणि काटक. जड माणसाने त्यावर शर्यतीला बसू नये (स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत बरं), पण हलक्या पोराला सरावासाठी ते बघण्यासारखं आहे.

‘लहान वयात घ्या, हवं तसं घडवा’ हा सल्ला सगळ्यांत महागात पडतो. कण्यातल्या हाडांची वाढ पूर्ण व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात. त्याआधी कडक वळसे मारायला लावले, तर घोडं घडण्याऐवजी बिघडतं. नवख्या स्वाराने आठ-दहा वर्षांचं, शिकलेलं घोडं घ्यावं. वय दातांवरून पाहतात. पाच वर्षांच्या सुमाराला पुढचे सगळे कायमचे दात आलेले असतात. आणि खस्सी केलेलं घोडं निकामी, ही समजूत तर सोडाच. या खेळात खस्सी घोडे आणि घोड्या भरपूर आहेत.

पाहायला जाल तेव्हा न सांगता, सकाळी जा. घोडं बांधलेलं असतानाच हात लावा, खूर उचलून पाहा. मग कडक जमिनीवर दुडक्या चालीने सरळ न्यायला सांगा, नंतर दोन्ही बाजूंना लहान गोल. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडं डोकं वर झटकतं. दुखणं कमी करणाऱ्या औषधाने ही खूण झाकता येते, म्हणून चार-पाच दिवसांनी पुन्हा जा. दोन्ही वेळा पशुवैद्य बरोबर असेल तर उत्तम.

आणि ग्लँडर्सची तपासणी. हा रोग माणसालाही होतो, आणि कायद्याने लागण झालेलं जनावर मारावं लागतं. तपासणीचा कागद इसार देण्याआधी मागा. त्यावरचा रंग, खुणा आणि समोरचं घोडं जुळतं ना, तेही पाहा.