तुरुंग फोडणारं गाणं 🔥

बंगाली कवी काझी नजरुल इस्लाम यांचं 'भांगार गान', म्हणजे तोडफोडीचं गाणं! 1921 च्या डिसेंबरात स्वातंत्र्यलढ्यातले नेते चित्तरंजन दास तुरुंगात गेले. त्यांच्या 'बांगलार कथा' साप्ताहिकासाठी त्यांच्या पत्नी वासंतीदेवींनी कविता मागितली आणि नजरुलनी त्या कवितेत तुरुंगाच्या दारावरच घाव घातला. याच नावाच्या संग्रहावर इंग्रजांनी 1924 मध्ये बंदी घातली.

1970 मध्ये ढाक्यात जहीर रायहान यांनी 'जीबन थेके नेया' या सिनेमात हे गाणं कैद्यांच्या तोंडी दिलं. सिनेमातल्या घरावर राज्य करते थोरली बहीण, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून. तो जुडगा म्हणजे पाकिस्तानची लष्करी हुकूमशाहीच, हे प्रेक्षकांनी बरोब्बर ओळखलं!

2023 मध्ये 'पिप्पा' या हिंदी सिनेमासाठी संगीतकार ए. आर. रहमान यांनी या गाण्याची चाल बदलली, तेव्हा बंगाली रसिक खवळले. निर्मात्यांनी माफी मागितली. आधी जुनी चाल ऐका, मग नवी. फरक कळेलच! 🎧