विश्लेषण : सोलरची बॅटरी दोन-तीन पावसाळ्यांतच का बसते? चार्ज कंट्रोलरमध्ये व्होल्टेज किती ठेवावे?

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ पट्ट्यात छपरावर सोलर पॅनेल ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. कर्जत लोकलचे स्थानक असलेले वांगणी वेगळे. इथे ज्या वांगणीचा विचार करायचा आहे ते पालघर जिल्ह्याच्या या पट्ट्यातले. अशा गावांत आणि आसपासच्या पाड्यांवर पावसाळ्यात विजेच्या तारा पडल्या, की कंदिलाच्या जागी आता पॅनेल आणि बॅटरीवरचा दिवा असतो. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते. बॅटरी मात्र दोन-तीन पावसाळ्यांत बसते आणि दोष कंपनीला दिला जातो. बऱ्याचदा कारण भिंतीवरच्या छोट्या डबीत, म्हणजे चार्ज कंट्रोलरमध्ये असते. त्यातले आकडे कारखान्यातून आले तसेच राहिलेले असतात.

प्रश्न खर्चाचा आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचे पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे आणि एक पंखा असा संच होता, सोबत पाच वर्षांची देखभाल. सुरुवातीच्या संचांची ती मुदत उलटून गेली. स्वतः विकत घेतलेल्या संचाला तर तेवढाही आधार नाही. बॅटरी बसली, की नवी स्वतःच्या पैशाने.

कंट्रोलर नेमके काय करतो?

‘१२ व्होल्ट’ची लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे सहा सेल. पूर्ण भरून काही तास स्वस्थ ठेवली तर ती १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, अर्धी रिकामी असताना १२.१ ते १२.२ आणि ११.८ च्या आसपास ती जवळपास रिकामी असते. भरताना मात्र याहून जास्त दाब लागतो. आधी पॅनेलचा सगळा करंट बॅटरीत जातो. व्होल्टेज १४.४ च्या घरात पोहोचले, की कंट्रोलर ते तिथेच धरून ठेवतो आणि करंट हळूहळू उतरू देतो. याला ॲब्सॉर्प्शन किंवा बूस्ट म्हणतात. शेवटचा वीसेक टक्के भाग याच दोन-तीन तासांत भरतो. त्यानंतर फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यापुरता १३.५ ते १३.८ व्होल्टचा दाब. (ट्यूब्युलर बॅटरीच्या झाकणावर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दांडीलाही फ्लोटच म्हणतात. दोन्हींचा संबंध नाही.)

पाणी घालायच्या ट्यूब्युलर बॅटरीला बूस्ट १४.४ ते १४.८, सीलबंद बॅटरीला १४.४ च्या आसपास आणि जेल बॅटरीला १४.१ ते १४.२. बॅटरीवर कंपनीने आकडे छापले असतील तर तेच प्रमाण. संचात लिथियम बॅटरी असेल तर इथला एकही आकडा तिला लागू नाही.

‘बी-१, बी-२’ची गफलत

स्वस्त कंट्रोलरच्या पडद्यावर बॅटरीचा प्रकार बी-१, बी-२, बी-३ असा निवडावा लागतो. एका कंट्रोलरवर बी-२ म्हणजे जेल, तर तशाच दिसणाऱ्या दुसऱ्यावर लिथियम. चुकून लिथियमचा पर्याय लागला आणि त्याची मर्यादा १२.६ व्होल्ट असली, तर लेड-ॲसिड बॅटरी जन्मात पूर्ण भरणार नाही. दिवा लागतो, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. सोबतचा कागद हरवला असेल तर दुपारच्या कडक उन्हात मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलवर धरावा. आकडा १३ च्या वर जातच नसेल, तर आधी हा पर्याय तपासावा.

पावसाळ्यात काय बिघडते?

जून ते सप्टेंबर हा या भागात बॅटरीचा खरा वाईट काळ. ७५ वॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण २५० वॅट-तास देते. दाट ढगांत उत्पादन दहा-वीस टक्क्यांवर येते, म्हणजे २५ ते ५० वॅट-तास. सात वॅटचे दोन दिवे चार तास आणि दोन मोबाइल एवढाच वापर ८० च्या घरात जातो. पंधरा वॅटचा पंखा रात्रभर फिरवला तर आणखी १२०. आठवडाभर असे चालले, की बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेतच राहते. प्लेटवर लेड सल्फेट साचते, त्याचे कठीण खडे होतात आणि ते पुढे कितीही ऊन पडले तरी पूर्ण विरघळत नाहीत. यालाच सल्फेशन म्हणतात. बॅटरी बसते ती बहुधा अशी.

इथे सर्वात महत्त्वाचा आकडा लो-व्होल्टेज डिस्कनेक्टचा, म्हणजे दिवे कधी आपोआप बंद व्हायचे याचा. अनेक कंट्रोलरवर तो ११.१ असतो, स्वस्तांवर १०.७ सुद्धा. जड लोड असेल तर वापरताना व्होल्टेज दबते, तिथे ११.१ समजण्यासारखे आहे. पण दोन एलईडी दिव्यांनी व्होल्टेज फारसे दबतच नाही. तेव्हा ११.१ दिसेपर्यंत बॅटरी अक्षरशः पिळून निघालेली असते. घरगुती दिव्यांसाठी हा आकडा ११.८ ते १२.० ठेवावा आणि दिवे पुन्हा सुरू होण्याचा आकडा १२.६ ऐवजी १३ च्या आसपास.

याची किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जुलैमध्ये रात्री अकरापर्यंत जळणारा दिवा नऊलाच विझेल. घरात शिकणारी मुले असतील तर ते बोचणार. म्हणून आकडा वाढवण्याआधी पावसाळ्यापुरता पंखा बंद ठेवणे हा जास्त शहाणपणाचा उपाय. आणखी एक खाचखळगा : इन्व्हर्टर थेट बॅटरीला जोडला असेल तर कंट्रोलरची ही मर्यादा त्याला लागूच होत नाही. लोड कंट्रोलरच्या दिव्याची खूण असलेल्या टर्मिनलवरून घेतला तरच ती काम करते, तोही टर्मिनलच्या अँपिअर मर्यादेत.

घर बंद असताना?

कंट्रोलरच्या माहितीपुस्तकात न सापडणारा हा भाग. भातकापणी झाली, दिवाळी उरकली, की इथली अनेक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर कामाला बाहेर पडतात आणि पुढचे काही महिने घराला कडी असते. छपरावर मात्र लख्ख ऊन. वापर शून्य, बॅटरी रोज भरलेलीच, तरी कंट्रोलर रोज सकाळी पुन्हा १४.४ पर्यंत नेऊन तासभर धरतो आणि मग फ्लोट. पाणी घालायच्या बॅटरीतले पाणी अशा वेळी उडत जाते. प्लेट उघड्या पडल्या, की तेवढा भाग कायमचा गेला.

पॅनेल काढून ठेवणे हा उपाय नव्हे. पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते आणि पुन्हा सल्फेशन. निघताना डिस्टिल्ड पाणी खुणेपर्यंत भरावे (विहिरीचे किंवा झऱ्याचे नको, त्यातले क्षार प्लेट खराब करतात), दिवे बंद करावेत, फ्लोट १३.८ वरून १३.४-१३.५ वर आणावा आणि बदलता येत असेल तर बूस्ट १४.० च्या जवळ. परतल्यावर, पावसाच्या आधी, आकडे पूर्ववत. स्वस्त कंट्रोलरमध्ये बहुधा फ्लोटच बदलता येतो. तेवढा बदलला तरी फरक पडतो.

उन्हाळा आणि थंडी

वरचे आकडे २५ अंश तापमानासाठी आहेत. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण ०.०२४ व्होल्टचा फरक करावा लागतो. मे महिन्यात पत्र्याखाली बॅटरी ४० अंशांवर असेल तर १४.४ च्या जागी १४.०४, डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांना १४.६४. तापमानाचा सेन्सर वायरला लोंबकळत असेल तर तो बॅटरीला चिकटवावा. खिडकीत ठेवून उपयोग नाही.

वायर बारीक असेल तर

आकडे बरोबर असूनही कंट्रोलर फसतो. बॅटरी आणि कंट्रोलरमध्ये दोन मीटर अंतर आणि दीड एमएमची वायर असेल, तर १० अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट वायरमध्येच खर्च होतो. कंट्रोलर १४.४ दाखवतो, बॅटरीला १३.९ मिळतात. तीच वायर सहा एमएमची घेतली तर तूट ०.१२ वर येते. कंट्रोलर बॅटरीच्या शेजारी लावावा, पण चुलीच्या भिंतीवर नको. भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि कुडाच्या घरात ठिणगीचे काय होईल, हे सांगायला नको.

महिन्या-दोन महिन्यांनी १५ व्होल्टच्या आसपास नेऊन करायचे इक्वलायझेशन फक्त पाणी घालायच्या बॅटरीसाठी. सीलबंद किंवा जेलला ते कधीही नको. ढगाळ दिवसांत ते पूर्ण होत नाही, त्यामुळे मे आणि ऑक्टोबर बरे. त्या वेळी दिवे सुटे करावेत, दार-खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

कंट्रोलर काढायचा झाल्यास आधी पॅनेलची वायर सोडावी, मग बॅटरीची. जोडताना उलट, आधी बॅटरी.